जन्मवजन नोंदले, गर्भवयाचे काय?

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत दाखल झालेल्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे विलक्षण मोठ्या संख्येने आढळतात. त्या दिवशी राज्यात बाळंतपणांची लाट येत असे, असा याचा अर्थ नव्हे. मुलाचा जन्म कधीचा, हे घरच्यांना 'दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या आसपास' इतपतच सांगता येई. जनरल रजिस्टरात मात्र तारखेचा रकाना रिकामा ठेवून चालत नसे. गुरुजी मुलाकडे एकवार पाहत, उंचीवरून आणि दातांवरून वर्षाचा अंदाज करीत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकीत. या अंदाजाची किंमत त्या मुलाला फार तर निवृत्तीच्या वेळी, वर्षसहा महिन्यांच्या फरकाने मोजावी लागे. व्यवहार अडला नाही, म्हणून ही पद्धत खपून गेली.

वयाचा असाच एक अंदाज माणूस जन्माला येताक्षणी केला जातो आणि त्यातील चूक मात्र अशी खपून जात नाही. जन्मलेले मूल आईच्या उदरात किती आठवडे राहून आले, हा तो प्रश्न. वैद्यकात त्याला गर्भवय म्हणतात. पूर्ण दिवसांचा गर्भकाळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस धरला जातो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल मुदतपूर्व ठरते. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले मुदतपूर्व जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. परंतु ज्या देशात हा प्रश्न सर्वांत मोठा, त्याच देशात तो मोजण्याची फूटपट्टी इतकी कच्ची असावी, हा यातील खरा चिंतेचा भाग होय.

एक वजन, दोन मुले

एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात शेजारी शेजारी ठेवलेली दोन मुले डोळ्यांसमोर आणावीत. दोघांचेही वजन १८०० ग्रॅम. तराजूच्या दृष्टीने ती समान आहेत. वस्तुतः त्यांतील एक ३२ व्या आठवड्यातच जन्मलेले आहे आणि त्या वयाला त्याचे वजन योग्यच आहे. दुसरे ३८ आठवडे उदरात राहिले, पण वारेतून पुरेसे पोषण न मिळाल्याने उपाशी राहून आले आहे. पहिल्याची फुप्फुसे पक्व नाहीत, त्याचा श्वास मध्येच थांबण्याचा धोका आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारणपणे ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो, तेव्हा त्याला अंगावर पाजणे अद्याप साधणार नाही. दुसऱ्याची फुप्फुसे बहुधा तयार आहेत, ते बहुधा स्वतः दूध ओढू शकेल. मात्र अंगात साठा नसल्याने त्याच्या रक्तातील साखर अकस्मात उतरू शकते. ऊब दोघांनाही हवी. बाकी जवळजवळ प्रत्येक बाबतीत डॉक्टरांची आणि परिचारिकेची दक्षता वेगळ्या दिशेची असावी लागते. वजनाचा काटा ही दिशा दाखवीत नाही.

असे असूनही अर्धे शतक वजनालाच वयाच्या जागी बसविण्यात आले. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्पो यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात २५०० ग्रॅमची मर्यादा सुचविली आणि १९४८ साली जागतिक आरोग्य परिषदेने अपक्वतेची खूण म्हणून तिचा स्वीकार केला. तराजू सर्वत्र होता, वजन करायला शिक्षण लागत नव्हते आणि आकडा निर्विवाद होता. अर्थशास्त्रात नेहमी घडते तेच येथे घडले: जे मोजणे सोपे, तेच मोजण्याजोगे मानले गेले. १९६१ साली आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही चूक सुधारली. अशा मुलांना 'मुदतपूर्व' न म्हणता 'कमी वजनाची' म्हणावे, कारण त्यांतील पुष्कळशी पुऱ्या दिवसांची असतात, असे तिने सांगितले. १९६३ साली लुला लुबचेंको यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो येथे प्रत्येक आठवड्याला कोणते वजन अपेक्षित असते याचे आलेख प्रसिद्ध केले. तेव्हापासून वजन आणि वय हे दोन स्वतंत्र आकडे आहेत, ही गोष्ट वैद्यकात मान्य झाली.

भारताला हा भेद तर अधिकच लागू आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ साली नवजात मुलांची पाहणी केली. त्यांत कमी वजनाची मुले चाळीस टक्क्यांहून अधिक होती, तर मुदतपूर्व जन्मलेली दहा टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ उघड आहे. बहुसंख्य लहान मुले लवकर जन्मलेली नव्हती, तर उदरात खुरटलेली होती. पहिल्या दोषाचे मूळ मुदतीपूर्वीच्या प्रसूतीत, दुसऱ्याचे बव्हंशी आईच्या आयुष्यभराच्या आहारात आणि आरोग्यात. दोन्ही एकाच रकान्यात घातले, तर दोन्हींवरचा उपाय चुकतो.

दिवस मोजण्याची रीत

वय मोजण्याची सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे दिवस मोजणे. 'नऊ महिने नऊ दिवस' हा मराठीतला वाक्प्रचार या मोजणीचाच आहे आणि तो पाश्चात्त्य शास्त्रापासून फार दूर नाही. हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून रूढ असलेला नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, असाच सांगतो. या नियमाला दोन गृहीतके लागतात: पाळी नियमित २८ दिवसांची असावी आणि तिची तारीख आठवत असावी. पहिले अनेक स्त्रियांच्या बाबतीत खरे नसते. मागच्या बाळंतपणानंतर पाळी सुरू होण्यापूर्वीच दिवस गेलेल्या स्त्रीला तर सांगण्याजोगी तारीखच नसते. दुसऱ्याबद्दल बोलायचे, तर ज्या घरात स्त्रीने पाळीचा उच्चारही दबक्या आवाजात करायचा, त्या घरात त्या तारखेची नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोण करणार? 'संक्रांत झाली आणि मग' एवढेच उत्तर दवाखान्यात मिळते आणि कार्डावर त्याची तारीख बनते.

सातव्या महिन्यातले मूल वाचते, आठव्यातले वाचत नाही, अशी एक जुनी समजूत आहे. ती प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळते. वास्तविक उदरातला प्रत्येक अधिक आठवडा मुलाची जगण्याची शक्यता वाढवीत असतो. तरीही ही समजूत टिकली, याचे एक कारण चुकीच्या मोजणीत असणे शक्य आहे. पुऱ्या दिवसांचे पण लहानखुरे मूल 'सातव्यातले' ठरले, तर सातव्यातले मूल वाचल्याचा दाखला आपोआपच तयार होतो. चुकीच्या वर्गीकरणातून लोकविश्वास जन्मतात. आणि सावधगिरी न बाळगल्यास शासकीय आकडेवारीही.

मुलाच्या देहावरचे पंचांग

आईला तारीख आठवत नसेल, तर मुलाच्या देहालाच विचारावे, हा विचार फ्रान्समध्ये प्रथम पद्धतशीर झाला. तेथील मज्जातंतुतज्ज्ञांच्या लक्षात आले की, हातापायांची आखड आणि प्रतिक्षिप्त क्रिया आठवड्यागणिक ठरावीक क्रमाने बदलत जातात. इतर संशोधकांनी कातडी, कान आणि तळपाय यांच्या खुणा टिपल्या. या दोन्ही धाग्यांची गुंफण करून लिली व व्हिक्टर ड्युबोविट्झ या डॉक्टर पतिपत्नींनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे १६७ मुलांच्या अभ्यासावरून १९७० साली एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. तीत मज्जासंस्थेच्या १० आणि बाह्य लक्षणांच्या ११ खुणांना गुण देऊन त्यांची बेरीज करावयाची आणि तीवरून आठवडे काढावयाचे.

या खुणा साध्या आहेत. कमी दिवसांच्या मुलाचा तळपाय गुळगुळीत असतो. पुऱ्या दिवसांच्या मुलाच्या तळपायावर टाचेपर्यंत रेषा उमटलेल्या असतात. कमी दिवसांच्या मुलाच्या कानाची पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहते, कारण तीत कूर्चा अद्याप भरलेली नसते. पुऱ्या दिवसांच्या मुलाचा कान चटकन उभा राहतो. पाठीवरची लव, स्तनाची गाठ, कातडीचा पातळपणा, हाताचा कोपर छातीवरून किती पलीकडे जातो, गुडघा किती अंशांत उघडतो, हे सारे त्यात मोजले जाते. १९७९ साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जीन बॅलार्ड यांनी ही यादी १२ खुणांवर आणली आणि १९९१ साली तिची सुधारित आवृत्ती अत्यंत कमी दिवसांच्या मुलांनाही लागू केली. भारतातील नवजात कक्षांतही हीच पद्धत प्रचलित आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. सराव झालेले हात आणि डोळे तेवढे लागतात.

तथापि तिच्या मर्यादा लपवून चालणार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे दिसले की, सोनोग्राफीशी ताडून पाहता ड्युबोविट्झ पद्धतीचे उत्तर शंभरांतील पंच्याण्णव मुलांच्या बाबतीत सुमारे अडीच आठवड्यांच्या आतबाहेर येते, तर बॅलार्डचे पावणेचार आठवड्यांच्या. कमी दिवसांच्या मुलांचे वय ती जास्त दाखविते आणि खुरटलेल्यांचे कमी. म्हणजे ज्यांच्यासाठी ती हवी, त्यांच्याच बाबतीत ती डळमळते. आणि दुसरी मर्यादा याहून मोठी आहे: हे पंचांग मूल जन्मल्यावरच उघडते. जन्माआधी घ्यावयाच्या निर्णयांना त्याचा उपयोग नाही.

ध्वनिलहरींची साक्ष

तो उपयोग सोनोग्राफीचा. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली उदरातील गर्भाची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली आणि १९७३ साली त्याच शहरातील ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तीन महिन्यांतील गर्भाची माथ्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय सांगण्याची रीत दिली. या काळात श्रीमंताघरचा आणि गरिबाघरचा गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतो, म्हणून लांबीवरून वय आठवड्याच्या आतबाहेर सांगता येते. पुढे आहार, आनुवंश आणि आजार यांचा प्रभाव पडू लागतो आणि आकारावरून वय सांगणे हे उंचीवरून मुलाची इयत्ता सांगण्यासारखे होते. शेवटच्या तीन महिन्यांत ही चूक दोनतीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. उपाशी गर्भाला यंत्र 'लहान वयाचा' म्हणते आणि त्याची उपासमार कागदावरून नाहीशी होते.

या शास्त्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. निरोगी गर्भाची वाढ जगभर कशी होते, हे ठरविण्यासाठी आठ देशांत झालेल्या 'इंटरग्रोथ-२१' या अभ्यासाच्या केंद्रांत ऑक्सफर्ड, सिॲटल, नैरोबी यांच्या बरोबरीने नागपूरही होते. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पोषण आणि आरोग्य चांगले असलेल्या मातांच्या गर्भाची वाढ या आठही ठिकाणी पुष्कळशी सारखी दिसली. भारतीय मूल जात्याच लहान असते, ही सोयीची समजूत त्यामुळे बरीच सैल झाली आहे.

एका औषधाची दोन फळे

मोजमापातील चुकीने प्रत्यक्षात काय घडते, याचा बोध एका औषधाच्या इतिहासातून होतो. मुदतपूर्व प्रसूतीचा संभव असलेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बालकाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखविले. औषध स्वस्त होते. ते गरीब देशांत खेड्यापर्यंत पोहोचवावे, या हेतूने सहा देशांत एक मोठा प्रयोग झाला; त्यात भारतातील नागपूर व बेळगाव ही केंद्रे होती. तारीख ठाऊक नसेल तेथे रंगीत पट्ट्यांच्या टेपने पोटाची उंची मोजून वयाचा अंदाज करीत. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब २०१५ साली बाहेर आला, तेव्हा तज्ज्ञ चकित झाले. अत्यंत लहान मुलांचे मृत्यू घटले नव्हते आणि एकंदर नवजात मृत्यू मात्र दर हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले होते. ज्यांना इंजेक्शन मिळाले, त्यांतील बहुतेक स्त्रियांना तितकी लहान मुले झालीच नव्हती. ज्यांना औषधाची गरज नव्हती, त्यांच्या पदरी केवळ त्याचा धोका पडला होता.

पुढे भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने याच जातीच्या औषधाचा पुन्हा प्रयोग केला. या वेळी गर्भवय सोनोग्राफीने निश्चित केलेले होते आणि मुलांच्या शुश्रूषेची सोय होती. २८५२ स्त्रियांच्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. लाभ इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दोन निकालांतील सारा फरक वयाच्या मोजमापाने पडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; रुग्णालयीन सेवेचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु वय न कळता दिलेले औषध आणि वय जाणून दिलेले औषध यांत केवढे अंतर असू शकते, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दृष्टीच्या बाबतीतही हेच. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हावी, असे भारतातील मार्गदर्शन सांगते. त्या मुदतीत विकार हाती लागला तर उपचार होतो. निसटला तर मूल कायमचे अंध होऊ शकते. सव्वादोन किलोचे, ३३ आठवड्यांचे मूल कोणी '३६ आठवड्यांचे' असे लिहिले, तर ते या दोन्ही कसोट्यांतून सुटते.

काय करता येईल

या प्रश्नावर नवे खाते उघडण्याची गरज नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना आहे. गरोदर स्त्रीची एक सोनोग्राफी २४ आठवड्यांपूर्वी व्हावी, अशी शिफारस आरोग्य संघटनेने २०१६ साली केली आहे आणि सरकारी रुग्णालयांत तपासण्या विनामूल्य करण्याचे धोरण २०११ पासून आहे. उणीव आहे ती वेळेची. स्त्रीची नोंदणी पाचव्या-सहाव्या महिन्यात झाली, तर तारीखही धूसर होते आणि ध्वनिचित्राची अचूकताही जाते. पहिल्या बारा आठवड्यांत होणारी नोंदणी ही म्हणूनच केवळ कागदपत्रांची बाब नव्हे.

सोनोग्राफी आणि गर्भलिंगनिदान यांचा महाराष्ट्रातील इतिहास येथे विसरता येत नाही. गर्भलिंग चिकित्सेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा या राज्याने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. यंत्रावरील नियंत्रण आवश्यकच आहे आणि ते सैल करा, असे कोणी सुचवू नये. पण नियंत्रणाचा परिणाम म्हणून यंत्र शहरात आणि गरोदर स्त्री तीस कोसांवर, असे होणार असेल, तर त्याची भरपाई शासनाने ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी सेवा देऊन केली पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. तिला या एका कामाची जोड देणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. जन्मनोंदणीच्या अर्जात जन्मवजनाचा रकाना आहे, तसाच गर्भकाळ किती आठवड्यांचा याचाही आहे. तेथे जो आकडा लिहिला जातो, तो कशावरून लिहिला, हे मात्र कोठेही विचारले जात नाही. पाळीच्या तारखेवरून, लवकर झालेल्या सोनोग्राफीवरून की जन्मानंतरच्या तपासणीवरून, एवढा एक शब्द त्यापुढे लिहिण्याची सक्ती केली, तर दोन गोष्टी साधतील. आकड्यावर किती विसंबावे हे उपचार करणाऱ्याला कळेल आणि कोणत्या तालुक्यात वय केवळ तर्काने भरले जाते, हे राज्याला कळेल. अंदाज करणे हा दोष नव्हे. अंदाजाला मोजमाप म्हणून खपविणे हा दोष आहे.

यात शिक्षकांनाही एक काम आहे. पाळीची तारीख लिहून ठेवावी, ही सवय गरोदरपणात लागत नाही. ती आठवी-नववीच्या वर्गात लागते. ज्या मुलीला त्या तारखेची नोंद करणे लाजिरवाणे वाटणार नाही, तिला पुढे दवाखान्यात संक्रांतीचा आधार घ्यावा लागणार नाही.

१ जूनच्या त्या पिढीतल्या गुरुजींना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे मूल उभे होते, रकाना रिकामा होता आणि विचारायला दुसरे साधन नव्हते. आज साधने आहेत: एक तारीख, वेळेवर काढलेले एक चित्र आणि मुलाच्या तळपायावरच्या रेषा वाचता येणारी एक परिचारिका. तरीही नवजात मुलाच्या कागदावर वयाचा आकडा अंदाजाने भरला जात असेल, तर तो अंदाज चुकल्याची किंमत निवृत्तीपर्यंत थांबणार नाही. ती पहिल्या आठवड्यातच वसूल होते आणि ती मोजणारे त्या वेळी बोलूही शकत नसते.